आधी ओळ तोडा, मग अक्षरे वाचा

संपादक महोदय,
स. न.

फाइल ओळीओळीने वाचणे हा प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांत घाईने उरकला जाणारा धडा. नमुना असतो दहा-बारा इंग्रजी ओळींचा, त्यामुळे चूक दिसतच नाही. तोच प्रोग्रॅम नेटवर्कवरून येणाऱ्या मराठी मजकुराला लावला की मधूनच अक्षरे खराब होतात आणि दोष फॉन्टला दिला जातो.

नेटवर्कला ओळ कळत नाही. मजकूर मिळेल तसा तुकड्यातुकड्यांनी येतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे ० ते २५५मधल्या तीन आकड्यांचे. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. तुकडा १६४वर संपला आणि त्याची लगेच अक्षरे करायला घेतली, तर ‘म’ जातो आणि त्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. म्हणून आधी बाइटमध्येच १० शोधावा, कारण तीच ओळ संपल्याची खूण. तिथवरची ओळ तोडून मगच तिची अक्षरे करावीत. उरलेले शेपूट जपून ठेवून पुढच्या तुकड्याच्या आधी जोडावे. देवनागरीचे तिन्ही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असल्याने त्यांत १० सापडण्याची भीती नाही.

अक्षरे दोन-दोन बाइटच्या जोड्यांत साठवणाऱ्या यूटीएफ-१६ पद्धतीत मात्र हीच रीत घात करते. तिथे ‘ऊ’ म्हणजे ९ आणि १० ही जोडी. ‘ऊस’ लिहिला की ओळ तिथेच फुटते! अशी फाइल आधी यूटीएफ-८मध्ये बदलून घ्यावी.

विंडोजच्या फाइलीत ओळ संपताना १०च्या आधी १३ हा आणखी एक बाइट असतो. तो राहून गेला तर दोन फाइलींतले ‘पुणे’ दिसायला एकच, पण तुलनेत वेगळे ठरतात. ओळ तोडल्यावर तिच्या टोकाचा १३ काढावा. तुकडा नेमका १३ आणि १०च्या मध्ये तुटला तरी मग अडत नाही.

सी भाषेत या कामाला स्ट्रटॉक (strtok) हे खुणांवर मजकूर तोडणारे तयार फंक्शन वापरू नये. लागोपाठच्या खुणा ते एकच धरते, रिकाम्या ओळी गळतात आणि ओळक्रमांक चुकतात. शेवटच्या ओळीला खूण नसली तरी शेपटात उरलेला मजकूर ही ओळच असते, ती सोडू नये. शेपटाला कमाल मर्यादाही हवी, नाहीतर खूण न पाठवणारा कोणीही मेमरी भरून टाकील.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. नमुना फाइल मराठी द्यावी, तीत एक रिकामी ओळ ठेवावी, शेवटच्या ओळीला खूण देऊ नये आणि एका वेळी फक्त ७ बाइट वाचायला लावावेत. ७ला ३ने भाग जात नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वाचनांतच अक्षर मधोमध तुटते आणि चूक विद्यार्थ्याला समोर दिसते.

आपला,
एक प्रोग्रॅमर, पुणे