क्लचच्या बाटलीत ‘कुठलंही ऑइल’ चालत नाही, कृपया दुरुस्ती छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हॅनचा कॅम्पर करून फिरण्यावर लेख आलाय, तो मी दोनदा वाचला. आधी खूप बरं वाटलं, कारण आमच्याकडेही तशीच गाडी आहे, २००३ ची डिझेल व्हॅन, बाबा त्यात शाळेची पोरं ने-आण करायचे, त्यांनी गाडी चालवणं सोडल्यावर आम्ही मागच्या सीटा काढून दोन बाक, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, रीतसर आरटीओत दाखवून घेतलं, आणि आता वर्षातून दोन-तीनदा सगळे मिळून निघतो. पण त्या लेखात शेवटी लिहिलंय की वाटेत क्लच ढिला पडला तर गाडीत असेल ते ऑइल बॉनेटखालच्या क्लचच्या बाटलीत टाकून पुढे जा, आणि घाटात क्लच धरेनासा झाला तर न्यूट्रल करून गाडी खाली आणा. ही दोन वाक्यं वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हीमुळे माणसं जाऊ शकतात.

आधी ऑइलचं. सगळा घोळ नावामुळे होतो. आपण सगळे ‘क्लच ऑइल’, ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मिस्त्रीही तेच म्हणतात, पण ते इंजिनात घालतो तसलं तेल नाहीच मुळी. दुकानातल्या बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं ते वेगळ्या जातीचं द्रव आहे, आणि मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) आणि स्लेव्ह सिलिंडर (त्या दाबाने क्लच सोडवणारा) यांतले रबर त्याच्यासाठीच बनवलेले असतात. त्यात इंजिन ऑइल गेलं की ते रबर फुगतात, पेडल कडक होतं किंवा वरच येत नाही, आणि मग नुसतं धुऊन भागत नाही, सगळे रबर आणि होज पाइप बदलायला लागतात. त्यात काही गाड्यांना ब्रेक आणि क्लचची बाटली एकच असते, म्हणजे क्लचसाठी टाकलेलं तेल ब्रेकमध्येही जाणार! घाटाच्या तोंडाशी कुणी हे केलं तर काय होईल याचा विचार लेख छापण्याआधी व्हायला हवा होता.

आता माझा अनुभव सांगते. मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे निघालो होतो, गाडी मी चालवत होते, मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. हातखंब्याच्या पुढे गिअर टाकताना कर्र आवाज यायला लागला, मग रिव्हर्स पडेना, आणि एका वळणावर पाय ठेवला तर पेडल सरळ खाली जाऊन बसलं ते वर आलंच नाही. पायाच्या बोटाने ओढून वर घेतलं, दोन-तीनदा पंप मारला तेव्हा कुठे गिअर पडला. तशीच हळूहळू हायवेवरच्या एका गॅरेजात नेली. तिथे बॉनेट न उघडता सांगितलं, क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, पूर्ण सेट बदलू, दोन दिवस आणि २२ हजार. मिस्टरांनी पाकीट काढलंसुद्धा होतं, कारण घाबरलेल्या माणसाला त्यावेळी दुसरं काही सुचत नाही.

बाबा नेहमी सांगायचे, पेडल खाली बसतंय की गाडी ओढत नाहीये, आधी एवढं बघ, कारण हे दोन वेगळे आजार आहेत. प्लेट झिजली असेल तर पेडल बहुतेक ठीकच लागतं पण गाडी स्लिप मारते, म्हणजे एक्सलेटर दाबला की इंजिन ओरडतं आणि स्पीड वाढत नाही, चढाला जास्त कळतं, जळका वास येतो. आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं, गिअर एकदा पडला की मस्त ओढत होती. मग प्लेट गेली कशी म्हणायची? मी बॉनेट उघडून बघितलं तर क्लचच्या ऑइलची बाटली तळाला गेलेली. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सच्या बाजूला जो छोटा स्लेव्ह सिलिंडर असतो त्याच्या रबरी टोपीखाली सगळं ओलं. आमच्या गाडीला ब्रेकची बाटली वेगळी आहे, ती भरलेली होती, तेही बघून घेतलं. गाडीत डॉट ३ ची सीलबंद बाटली कायम असते, ती ओतली, पंप मारला, पेडल अर्धं वर आलं, आणि तसंच थांबत थांबत, दर थोड्या वेळाने बाटली बघत, साखरप्यापर्यंत आणली. आंबा घाट तसा चढायचा नाही हे पक्कं ठरवलं होतं.

साखरप्यात एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी गाडीखाली जाऊन पाच मिनिटांत सांगितलं, “ताई, प्लेट चांगली आहे, स्लेव्हचा रबर फाटलाय.” रबराचं किट त्यांच्याकडे नव्हतं, त्यांचा मुलगा बाइकवर जाऊन घेऊन आला. सिलिंडर उघडला, आत गंज होता तो बारीक घासून साफ केला, रबर बदलला, मग एअर, म्हणजे ऑइलच्या पाइपात शिरलेली हवा, काढली. किट आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले आणि संध्याकाळी आम्ही घाट चढून मलकापूरला चहा घेतला. पैसे वाचले हे आहेच, पण मला जास्त लागलं ते हे की त्या पहिल्या गॅरेजात कुणीही बाटलीचं झाकण उघडून बघितलं नाही, आणि आम्हाला माहीत नसतं तर आम्ही चांगली प्लेट काढून फेकली असती.

एअर काढणं कठीण नाही, दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं, एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचं, बुडबुडे येतात, निपल घट्ट केल्याशिवाय पेडल सोडायचं नाही नाहीतर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मध्ये मध्ये वरची बाटली भरत राहायची, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. हे ऑइल रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. हवेतला ओलावा ते ओढून घेतं म्हणून अर्धी वापरलेली बाटली वर्षभर सांभाळून ठेवू नका, आणि सिस्टिममधलंही दर दोन वर्षांनी बदला. आम्ही बदललं नव्हतं, आमच्या सिलिंडरमध्ये गंज धरला तो त्यामुळेच असं काका म्हणाले.

बाहेर कुठेच ओलं नाही, बाटली भरलेली आहे आणि तरी पेडल हळूहळू खाली बसतंय, तर मास्टर सिलिंडर आतल्या आत गळतोय. गाडीच्या आत पेडलच्या वर हात लावून बघा, तिथे ओलं लागलं तरी मास्टरच. पेडल दाबल्यावर घरघर येते आणि सोडल्यावर जाते तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच दाबून सोडवणारं बेअरिंग, त्याला मात्र गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. जुन्या ओम्नीचे कॅम्पर करणारेही बरेच आहेत, ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली तरी रस्त्यावर भरपूर दिसते, तिला हे ऑइलचं काही नाही, केबल आहे. तिची केबल तुटायच्या आधी पेडल जड होतं, तेव्हाच बदलून घ्यावी आणि एक जादा गाडीत ठेवावी.

आणि आता न्यूट्रलचं, ज्याच्यामुळे मला सगळ्यात जास्त भीती वाटली. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचचं ऑइल गेलं तर क्लच सुटत नाही, म्हणजे इंजिन चाकांना जोडलेलंच राहतं. तुम्ही उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये असाल तर इंजिन गाडीला धरून ठेवतंय, हीच त्यावेळची सगळ्यात मोठी मदत आहे, आणि लेख सांगतो की तीच काढून टाका! न्यूट्रल केलं की भरलेल्या गाडीचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात, आणि क्लच नसताना तो गिअर परत टाकता येईलच असं नाही. म्हणून गिअर काढायचा नाही, ब्रेकने स्पीड कमी ठेवत जागा मिळेल तिथे डोंगराच्या बाजूला घ्यायची, थांबताना इंजिन बंद पडलं तरी चालेल, हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावायचा आणि मागे लांबवर त्रिकोण ठेवायचा. क्लचशिवाय गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारून पुढे नेता येते हे खरंय, मीही एकदा केलंय, पण ते सपाट मोकळ्या रस्त्यावर, पुढे माणूस नसताना, गाडी झटका मारून निघते म्हणून. घाटात टोचनच बोलवायचं.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्यांची हौस वाढलीय, आणि बरेच जण पहिली गाडी जुनीच घेतात, माझ्या ओळखीतच दोघांनी घेतलीय. त्यातल्या एकाने तुमचा लेख कापून डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय, मी त्याला फोन करून ती दोन वाक्यं खोडायला सांगितलं. बाकीच्या वाचकांचे नंबर माझ्याकडे नाहीत. म्हणून हात जोडून विनंती आहे, दिवाळीच्या सुट्टीत लोक गाड्या बाहेर काढतील त्याच्या आत, त्याच पुरवणीत, त्याच पानावर, सहज दिसेल अशा टाइपात दुरुस्ती छापा.

आपली,
एक नियमित वाचक, कराड