लोकअभिरक्षक जिल्ह्याला, पक्षकार तालुक्याला

संपादक महोदय,

फौजदारी खटल्यांतील मोफत विधी सेवेची रचना 2022 पासून बदलत गेली, तरी वकीलवर्गाबाहेर तिची फारशी चर्चा झालेली नाही. पूर्वी ज्या आरोपीला वकील लावण्याची ऐपत नसे, त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरील वकील नेमला जाई आणि तो आपली खासगी वकिली सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर ते काम पाही. आता जिल्ह्याच्या ठिकाणी अशा आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या वकिलांची, म्हणजे लोकअभिरक्षकांची, कार्यालये आहेत. तेथील मुख्य, उप आणि सहायक लोकअभिरक्षक पूर्णवेळ याच कामाला बांधलेले असून त्यांना खासगी खटले घेता येत नाहीत.

तालुका न्यायालयात लिपिक म्हणून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा बदल स्वागतार्हच वाटतो. पुकारा झाला की पॅनलवरील वकील दुसऱ्या कोर्टात असत, रोजनाम्यात पुढची तारीख पडे आणि पोलीस गाडीतून आणलेला कच्चा कैदी तसाच परत जाई. आवारात भाकरीचे गाठोडे घेऊन बसलेल्या एका बाईने मला एकदा विचारले होते, ‘आमचे वकीलसाहेब कोणते?’ नेमणूक होऊन चार महिने झाले होते, पण तिने त्यांना पाहिलेले नव्हते.

मात्र हा लाभ मुख्यत्वे जिल्हा मुख्यालयातील न्यायालयांपुरता राहतो. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील प्रकरणे बव्हंशी जुन्याच पॅनल पद्धतीवर चालतात, आणि अटकेनंतरचे पहिले काही दिवस, जेव्हा रिमांडला विरोध व्हायला हवा आणि जामिनाचा अर्ज तयार व्हायला हवा, ते बहुधा तालुक्यातच जातात. 2022 च्या अखेरीस देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. त्यांतल्या प्रत्येकामागे एक घर असते आणि त्या घराचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार मिळवावा लागतो. सातबारा सामाईक असला की भावकी मागे सरते, तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढण्यात मजुरीचे दिवस बुडतात, मग सावकाराचे दार आणि अखेर थोरल्या मुलाची शाळा सुटणे, हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे आश्चर्यही वाटेनासे झाले होते. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या कच्च्या कैद्याला आर्थिक साहाय्य देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे. पण तिची कागदपत्रे जुळवून पाठपुरावा करणारे कोणी तालुक्यात असल्याखेरीज ती त्या घरापर्यंत पोहोचणार कशी?

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, परंतु लोकअभिरक्षक केवळ आरोपीच्या बचावासाठी आहेत. त्यामुळे छळाच्या गुन्ह्यात मोफत सेवेस पात्र ठरलेल्या पतीला पूर्णवेळ वकील मिळतो आणि पत्नीच्या पोटगीच्या किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जासाठी मात्र आपल्या कामातून वेळ काढणारा पॅनलवरील वकील, असे चित्र शक्य आहे. आरोपीचा हक्क कमी करा, असे माझे म्हणणे नाही. मात्र पोटगी रखडली की तिचा भार माहेरच्या म्हाताऱ्या आई-बापांवर पडतो, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात असावे.

लोकअभिरक्षक योजनेसाठी 2023-24 ते 2025-26 या 3 वर्षांकरिता 998.43 कोटी रुपये मंजूर झाले होते आणि नेमणुका कराराच्या आहेत. खुनाचा खटला कराराच्या मुदतीपेक्षा सहज अधिक काळ चालतो आणि वकील बदलला की नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागतो. म्हणून करार निदान हाती असलेले खटले संपेपर्यंत चालू ठेवावेत, पोटगी व कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांसाठी अशीच पूर्णवेळ व्यवस्था उभी करावी, आणि आठवड्यातील एक ठरलेला दिवस सहायक लोकअभिरक्षकाने प्रत्येक तालुका न्यायालयात बसावे. त्या दिवशी कोण येणार, त्यांचे नाव आणि वेळ न्यायालयाच्या दर्शनी फलकावर मराठीत लिहिलेली असावी.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी