टँक इंजिन म्हणजे टेंडर काढलेले इंजिन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ब्रिटिश वाफेच्या इंजिनांवरील लेखात टँक इंजिनाला ‘यार्डात डबे ढकलणारे, टेंडर नसलेले छोटे इंजिन’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. हा मोठा अन्याय आहे. टेंडर म्हणजे इंजिनामागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा; टँक इंजिनाला तो नसतो. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच चौकटीवर वाहायचा म्हटले, की तोल, चाकांची पकड, बॉयलरला पाणी देणे, तेल घालण्याची सोय हे सारे नव्याने जुळवावे लागते.

टाकी कुठे बसवायची, इथूनच पेच सुरू होतो. चौकटीच्या आत, चाकांच्या मध्ये बसवली तर इंजिन स्थिर धावते, पण पाणी थोडेच मावते. बॉयलरवर खोगिरासारखी टाकली तर पाणी बॉयलरच्या धगीने तापते. बॉयलरला पाणी देणाऱ्या इंजेक्टर या साधनात वाफेचे गार पाण्यात पाणी होते आणि त्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी शिरते. पाणी जास्त गरम असले की इंजेक्टर ते उचलतच नाही. दोन्ही बाजूंना उभ्या टाक्या लावल्या तर पाणी भरपूर मिळते, पण चौकटीच्या आतल्या दांड्यांना तेल द्यायला हात पोचत नाही.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने यातून काढलेली वाट मला सर्वांत देखणी वाटते. तिच्या बेलपेर घाटाच्या फायरबॉक्सचा, म्हणजे कोळसा जाळायच्या पेटीचा, माथा सपाट, चौकोनी. त्यावर खोगीर नीट बसेना. मग बैलाच्या पाठीवर गोणी टाकावी तशा दोन टाक्या बॉयलरच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि खाली तेल घालायला जागा मोकळी ठेवली. या घाटाची ५७०० वर्गाची ८६३ इंजिने १९२९ ते १९५० या काळात बांधली गेली. वजन साडेसत्तेचाळीस टन, पाणी १,२०० गॅलन, म्हणजे जवळजवळ ५,४५५ लिटर. यातले नुसते पाणीच सव्वापाच टनांहून अधिक भरते. सहाही चाके चालती, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणारी, असल्याने तो भार पकडीच्या कामी येतो. पाणी संपत आले की पकडही उतरते. ओल्या रुळावर, फेरीच्या अखेरीला चाके घसरतात ती यामुळेही.

वेग वाढला की पाण्याची दुसरी खोड दिसते. २४ ऑगस्ट १९२७ रोजी केंटमधील सेव्हनओक्सजवळ सदर्न रेल्वेचे ‘रिव्हर क्रे’ हे २-६-४ (पुढे दोन, मध्ये सहा चालती, मागे चार चाके) टँक इंजिन रुळावरून घसरले आणि १३ जणांचा जीव गेला. याच वर्गाच्या इंजिनांची नंतर चाचणी झाली, तेव्हा लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या भक्कम रुळांवर ती स्थिर धावली, सदर्नच्या रुळांवर मात्र जोरात डोलली. मूळ दोष रुळांखालच्या भरावाचा होता, पण अर्धवट भरलेल्या टाक्यांत हिंदकळणाऱ्या पाण्याने डोलणे वाढते, हाही मुद्दा पुढे आला. या वर्गाच्या टाक्या काढून सगळ्या इंजिनांना टेंडर जोडले गेले.

लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे १८६३ मध्ये भुयारात सुरू झाली. तिच्यासाठी बायर पीकॉक कंपनीने १८६४ मध्ये ४-४-० टँक इंजिने दिली. भुयारात वाफ बाहेर न सोडता ती टाक्यांतल्या पाण्यात नेली जाई. त्याने पाणी तापे, म्हणून अशा इंजिनांवर बॉयलरला पाणी चढवायला पंप लागे.

आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण हवे तर बार्शी लाइट रेल्वे घ्या. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या अडीच फुटी मार्गाला लीड्सच्या किट्सन कंपनीने ०-८-४ टँक इंजिने दिली. या मार्गाचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही असे ठरवले होते. म्हणूनच इंजिनाला इतक्या चाकांची गरज पडली. हलक्या रुळांवर पूर्ण वजनाची गाडी ओढणारी ही इंजिने यार्डातली नव्हती. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड मार्गासाठी कॅलथ्रॉप यांनी किट्सनकडूनच २-६-४ टँक इंजिने घेतली. बार्शीचा अनुभव तिकडे गेला, हे त्या लेखात यायला हवे होते. पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर