गुग्गुळ वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

आईचं गुग्गुळाचं झुडूप जगलं. आषाढातला आपल्या डिचोलीचा पाऊस सोसून जगलं! आता नव्या फांद्यांवर बारीक, दातेरी कडांची पानं आली आहेत.

पौषात पानं गळाली तेव्हा आम्ही ज्यांच्याकडून रोप आणलं त्यांनाच विचारलं. त्यांनी रोज पाणी घालायला सांगितलं. मुळं कुजू लागली तेव्हा वर तोंड करून म्हणाले, "आजींच्या हाताला गुण नाही." कच्छ-राजस्थानातलं हे झुडूप कोरड्या दिवसांत पानं टाकूनच तग धरतं, एवढं रोपं विकणाऱ्याला ठाऊक नसावं? आयुष्यभर तिन्हीसांजेला गुग्गुळाचा धूप दाखवणाऱ्या माझ्या आईला ते बोलणं फार लागलं. बागेकडे फिरकेना.

तुम्ही आलात ते थेट तिच्याकडे गेलात. "वहिनी, जरा नख लावून बघा." खोडावरचा कागदासारखा पापुद्रा तिने स्वतःच्या नखाने सोलला आणि आत हिरवंगार! तुम्हाला ते आधीच माहीत होतं, तरी तुम्ही तिला बघू दिलंत. त्या रात्री आई पोटभर जेवली. काका, मी विसरणार नाही ते हे.

पुढचं सगळं तुम्ही केलंत: चिऱ्यांचा उंच ओटा, खडी-वाळू, वर पडवीचं छप्पर. जैसलमेरला वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे 3000च्या आसपास. पाणी थांबलं की संपलं, हे तुम्ही आईला शेजारी बसवून समजावलंत. डिंकासाठी चीर मारायची नाही, अशाच ओरबाडण्याने रानातला गुग्गुळ नामशेष व्हायला आलाय, हेही. आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बजावते.

जाणकार पुष्कळ भेटतात. म्हाताऱ्या माणसाचा मान राखून शिकवणारे किती? असा एकेक माणूस गावोगावी असायला हवा.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चवथीला मात्र काकूंना घेऊन यायचंच. नेवऱ्या आई स्वतः करणार आहे, आणि छाटणीची एक फांदी तुमच्यासाठी कुंडीत लावून ठेवली आहे.

तुमची,
वहिनींची लेक