सांध्याची किंमत खोलीवर ठरत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या क्लेममधून जादा कापलेले 37,000 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

मी 2007 पासून तुमचा मेडिक्लेम ग्राहक आहे. पहिला हप्ता दोघांचा मिळून 6,400 रुपये होता, यंदाचा 58,200. तो एफडीच्या व्याजातून भरतो. इतक्या वर्षांत क्लेम हा एकच, पत्नीच्या (वय 69) डाव्या गुडघ्याचा.

बिल 2,46,000 झाले, तुम्ही 1,64,000 मंजूर केले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज 5,000; त्या दिवशी रुग्णालयात 7,500 चीच खोली रिकामी होती. चार दिवसांच्या भाड्यातले 10,000 आणि त्याच प्रमाणात सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर) यांचे 35,000 कापलेत, त्याबद्दल तक्रार नाही. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर असे बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापतात, हा बारीक अक्षरातला मजकूर पॉलिसी घेताना वाचला नाही, चूक माझी.

पण इम्प्लांट म्हणजे कृत्रिम सांधा (72,000), औषधे व कन्झ्युमेबल्स म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तू (27,000) आणि तपासण्या (12,000) यांतूनही तुम्ही तिसरा हिस्सा, म्हणजे 37,000, उडवला आहे. जनरल वॉर्डातल्या पेशंटला बसवतात तोच सांधा हिला बसवला. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती सरकारने 2017 मध्येच बांधून दिल्यात. बिलाला जोडलेले स्टिकर पाहा. विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या जून 2020 च्या परिपत्रकानुसार या तिन्ही बाबींवर प्रमाणशीर कपात लावता येत नाही. हेल्पलाइनवरच्या मुलीला ते वाचून दाखवले, तर म्हणाली, "काका, सिस्टिमच कापते."

डिस्चार्ज सकाळी अकराला झाला. अंतिम मंजुरीला 2024 पासून तीन तासांची मुदत आहे. तुमचा मेल आला संध्याकाळी साडेसहाला. तोवर ही टाके घातलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बिलिंग काउंटरपाशी बसून होती. फरकाची रक्कम जावयाने भरली. माझी ईपीएफची पेन्शन महिना 2,900. म्हणजे 37,000 ही वर्षभराच्या पेन्शनहून मोठी रक्कम. उजवा गुडघाही करायचा आहे, पण ही आता त्याचे नावच काढत नाही.

37,000 रुपये 14 दिवसांत खात्यावर जमा करावेत. नकार द्यायचा असेल तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावे. 'पॉलिसीच्या अटींनुसार' एवढे पुरणार नाही. महिन्यात निकाल लागला नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करीन. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आपला,
एक पॉलिसीधारक, नाशिक

सोबत : अंतिम बिल, इम्प्लांटचे स्टिकर, मंजुरीच्या मेलची प्रत