मिसळ कबूल, पण फ्रिस्कोची धास्ती आहे

प्रिय बंड्या,

तुझे तीन मेसेज आणि एक लांबलचक मेल आला, एकालाही उत्तर दिलं नाही. कारण तुला ठाऊक आहे. एरिन हिल्सची, म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या त्या गोल्फ कोर्सची, पैज मी हरलो. १८ जून २०१७ च्या रविवारी, ब्रूक्स केप्का यूएस ओपन उणे सोळावर (पार, म्हणजे कोर्सला ठरलेल्या फटक्यांपेक्षा सोळा कमी) जिंकल्यावर, "आठ वर्षं तरी यूएसजीए (अमेरिकेची गोल्फ संघटना) आपला ओपन घेऊन या माळावर परत यायची नाही" असं मीच छातीठोकपणे म्हणालो होतो. आणि १ जून २०२५ ला त्याच माळावर माया स्टार्क महिला यूएस ओपनचा करंडक घेऊन उभी! सतरा दिवस कमी पडले रे. पुरुषांचा की महिलांचा हे पैजेत ठरलं नव्हतं, हा तुझा मुद्दा बिनतोड आहे. मन्याला साक्षीला बोलावू नकोस, तो तुझीच तळी उचलणार. दोन प्लेट मिसळ, जादा पाव, वर ताक. कबूल.

प्रकृती ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो, मी ऐकत नाही.

तू विचारलंस, नव्या गोल्फ कोर्सेसपैकी मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, कुणाच्या नशिबात आहे. त्याचं उत्तर एका ओळीचं आहे, पण त्या ओळीनेच माझी झोप उडवली आहे: सगळं २०२७ च्या मे महिन्यात टेक्सासच्या फ्रिस्कोत काय होतं त्यावर आहे. तुझ्या घरापासून तिथला फिल्ड्स रँच ईस्ट कोर्स अर्ध्या तासावर, म्हणून तुला तो घरचा कार्यक्रम वाटतो. मला मात्र आधी कार्यालय बुक करून मग मुलगी बघायला निघाल्यासारखं वाटतं. पीजीएने (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फवाल्यांची संघटना) २०१८ मध्येच आपलं मुख्यालय फ्लोरिडातून तिथे हलवायचं ठरवलं आणि २०२७, २०३४ या दोन पीजीए चॅम्पियनशिप देऊन टाकल्या. आर्किटेक्ट गिल हॅन्सचा हा कोर्स खेळायला उघडला तो २०२३ मध्ये. तंबूंना जागा, टीव्हीच्या गाड्यांना जागा, रुंद रस्ते, हॉटेल, सगळं आधीपासून नकाशात. इतर नव्या कोर्सेसना जे नडलं ते इथे नडणार नाही. नडलं तर वारा आणि ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) नडतील.

दोनच आकडे बघ. मे २०२३, सीनियर पीजीए (पन्नाशीपुढच्यांची): स्टीव्ह स्ट्रिकर आणि पॅड्रिग हॅरिंग्टन दोघेही उणे अठरावर, मग प्लेऑफमध्ये स्ट्रिकर. जून २०२५, महिला पीजीए: मिंजी ली उणे चारवर जिंकली, आणि तिच्याखेरीज पारच्या खाली फक्त दोघी, त्याही उणे एक. जमीन तीच. मधे फरक झाला तो वाऱ्याचा आणि उन्हाचा. तुमच्याकडे वसंतात वारा दक्षिणेकडून असतो, पण थंड हवेचा पट्टा सरकला की तासाभरात उत्तरेकडून सुरू होतो. उत्तर-दक्षिण होलवर सकाळी आठ नंबरच्या आयर्नचा (कमी पल्ल्याच्या काठीचा) शॉट दुपारी पाच नंबरचा (लांब पल्ल्याचा) होतो. टी (होलचा पहिला फटका मारायच्या जागा) कुठे लावायचे हे आदल्या संध्याकाळी ठरतं. रात्रीत वारा फिरला तर ठरवणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

त्यात घड्याळ. हा हिशोब तू कधी बसून केलेला नाहीस, म्हणून मांडतो. खेळाडू १५६, तिघातिघांचे ५२ गट, निम्मे पहिल्या टीवरून, निम्मे दहाव्यावरून, आणि त्यातही निम्मे सकाळी, निम्मे दुपारी. म्हणजे एका टीवर एका सत्रात १३ गट. दोन गटांत ११ मिनिटं धर: पहिला गट सातला सुटला तर तेरावा ९:१२ ला. हा शेवटचा गट नऊ होल संपवून पलीकडच्या टीवरून पुढे जाईपर्यंत दुपारची मंडळी सुरू करता येत नाहीत. नऊ होलना अडीच तास लागले तर पावणेबाराला, तीन लागले तर सव्वाबाराला. म्हणजे दुपारचं सत्र साडेबाराला, त्याचा शेवटचा गट २:४२ ला. पाच तासांत फेरी झाली तर ७:४२, उजेड आहे. सहा तास लागले तर ८:४२, आणि मेच्या मध्यावर तुमच्याकडे सूर्य साधारण ८:२० ला मावळतो. २०२५ मध्ये महिलांची तिसरी फेरी सहा तासांवर गेली होती, तीही निम्मी मंडळी दोन फेऱ्यांनंतर बाद होऊन घरी गेल्यावर. पहिल्या दोन दिवसांत असं झालं, आणि वर तासाभराचं वादळ आलं (टेक्सासच्या मेमध्ये विजा आणि गारा या काय पाहुण्या नाहीत), तर शुक्रवारची दुसरी फेरी शनिवारी दुपारपर्यंत रखडते. मग जगभर तीच बोंब: नव्या कोर्सवर हे असंच.

आणि फेरी रखडते कुठे? ग्रीनवर. नव्या आर्किटेक्टना ग्रीनवर लाटा आवडतात. चार दिवसांना भोकाच्या चार वेगळ्या जागा लागतात, आणि वेगवान ग्रीनवर भोकाभोवतीचा उतार दोन-अडीच टक्क्यांच्या आत हवा. स्टिंपमीटरवर (ग्रीनचा वेग मोजायची पट्टी) तेरा फूट वेग काढलास की लाटांच्या ग्रीनवर अशी एखादीच जागा उरते, बाकीच्या ठिकाणी चेंडू थांबतच नाही. दहा-अकरावर ठेवलास तर चार जागा मिळतात आणि वाऱ्यात चेंडू आपोआप सरकतही नाही. २०१५ च्या ब्रिटिश ओपनला सेंट अँड्र्यूजवर शनिवारी चेंडू ग्रीनवरून चालू लागले आणि खेळ बंद ठेवावा लागला, आठवतं ना? तिथे कित्येक शतकांची पुण्याई आहे म्हणून लोक हसून सोडून देतात. फ्रिस्कोला कोण सोडणार? उपाय सोपा आहे: वाऱ्याचा अंदाज असेल त्या दिवशी रोलर फिरवायचा नाही, कापणी एक वेळची, पातं किंचित वर. पण कमिटीला वाटतं वेग कमी म्हणजे अब्रू गेली.

आता वॉशिंग्टन राज्यातला चेंबर्स बे. तू अजूनही म्हणतोस की २०१५ च्या यूएस ओपनला शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनला तीन "पट" (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायचे फटके) लागले ते गवतामुळे. बारा फुटांवरून जिंकायला एक पट, बरोबरीला दोन. पहिला हुकला, परतीचा चारेक फुटांचा हुकला. पहिल्याला मी गवत मान्य करतो, दुसरा त्याच्या हाताचा. यावर आपण दहा वर्षं भांडतोय, अकरावं सुरू करायला माझी हरकत नाही. पण गवताचं काय बिघडलं ते नीट समजून घे. ग्रीन फाइन फेस्क्यू गवताच्या, आणि त्यात पोआ अनुआ हे दुसरं, तणासारखं गवत घुसलेलं. फेस्क्यू हळू वाढतं, पोआ भराभर वाढून तुरे टाकतं. सकाळी कापलं तेव्हा सपाट, दुपारपर्यंत एकाच ग्रीनवर दोन उंच्या, आणि चेंडू खडीवरून सायकल जावी तसा. खेळाडू हेन्रिक स्टेनसनने त्याला ब्रोकली म्हटलं, ते काही उगाच नाही. कोर्स २००७ मध्ये उघडला आणि आठ वर्षांत यूएस ओपन. फेस्क्यू मुरायच्या आत परीक्षा! पुढे त्यांनी ग्रीनवर पोआच अंथरलं, म्हणजे ज्याच्याशी भांडत होते त्यालाच घरजावई केलं. आता तिथे पट सरळ जातात. पण पुरुषांचा यूएस ओपन परत मिळेल असं मला वाटत नाही, कारण कोर्स जुन्या खाणीत, तिच्या उतारावर प्रेक्षक घसरत होते आणि आठव्या होलवर तर त्यांना जाऊच दिलं नव्हतं. गवत बदलता येतं, डोंगर बदलता येत नाही.

एरिन हिल्सचं उलटं. तिथे माणसांना जागाच जागा. २०१७ ला फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे) मुद्दाम रुंद ठेवले होते, कारण वारा असणार हे गृहीत. पावसाने ग्रीन मऊ, पहिले तीन दिवस वारा रुसलेला, आणि जस्टिन थॉमसने तिसऱ्या दिवशी पारच्या नऊ खाली ६३ मारले. ७,७०० यार्डांचा कोर्स पिचकाऱ्या मारत खेळला गेला. महिला ओपनमध्ये उणे सातला जिंकलं गेलं तेव्हा मात्र कोर्स शोभून दिसला. हे मला मान्य करायला जड जातंय, नोंद घे.

व्हिसलिंग स्ट्रेट्सबद्दल तुझा लाडका मुद्दा मी आधीच लिहून टाकतो: २०१५ च्या पीजीएला तिथे आपला अनिर्बान लाहिरी पाचव्या जागेवर, उणे तेरा, आणि तो जन्माने पुण्याचा, म्हणून कोर्स श्रेष्ठ. बरं. आर्किटेक्ट पीट डायने सपाट लष्करी तळावर वाळू आणून टेकड्या केल्या, हजारभर बंकर (वाळूचे खड्डे) खणले, आणि त्यातल्या लोकांनी तुडवलेल्या एका बंकरने २०१० मध्ये याच जॉन्सनला दोन शॉटचा दंड लावला. (याच्या पत्रिकेतच वाळू आहे.) पण पीजीए ऑगस्टवरून मेमध्ये आली २०१९ ला, आणि विस्कॉन्सिनमध्ये मेच्या मध्यावर गवत नुकतं जागं होत असतं. २०२३ ला ओक हिलवर दंवामुळे पहिल्या दिवशी सुरुवातच उशिरा झाली होती. त्यामुळे मे आहे तोवर व्हिसलिंग स्ट्रेट्स विसर.

साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या किआवाला भीती नाही. तिथे पीजीए जिंकले २०१२ ला मॅकिलरॉय आठ शॉटनी, २०२१ ला पन्नाशीचा मिकेलसन, आणि २०३१ पक्कं. पास्पालम गवत खारं पाणी पचवतं, नऊ-नऊ होलचे दोन फेरे उलटसुलट दिशांना जातात, म्हणून वारा कुणा एकावरच रुसत नाही. पीट डायच्या बायकोने, ॲलिसने, फेअरवे उंच करायला सांगितले ते समुद्र दिसावा म्हणून, पण त्यामुळेच आडोसा गेला आणि कोर्स मेजरचा झाला. अडचण एकच, बेटावर जायचा रस्ता.

ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या बँडनचं नाव तू यादीत घातलंस, ते मी प्रेमापोटी वाचलं नाही. पोर्टलंडहून चार-पाच तासांचा प्रवास. यूएसजीए तिथे हौशी स्पर्धा २०४५ पर्यंत नेणार आहे, ते योग्यच. पण रोजच्या तीस-चाळीस हजार माणसांना झोपवणार कुठे, वाळूत?

यूएस ओपनची २०२६ ते २०३३ ची यादी काढ: शिनेकॉक, पेबल बीच, विंग्ड फूट, पाइनहर्स्ट, मेरियन, रिव्हिएरा, पुन्हा पेबल, ओकमाँट. सगळी शंभरीची मंडळी. ब्रिटनकडे तर बघूच नको. स्कॉटलंडमधलं किंग्जबार्न्स २००० चं, त्याला २०१७ ला महिलांचं ओपन मिळालं, इतकंच. पुरुषांचं ओपन जुन्या घराण्यांतच फिरतं, आणि उत्तर आयर्लंडच्या पोर्ट्रशला २०२५ मध्ये पावणेतीन लाखांवर लोक आल्यावर नव्याला दार कोण उघडेल? म्हणून म्हणतो, दार एकच आहे, टेक्सासचं. ते आपटलं तर पुढची वीस वर्षं सगळे "चेंबर्स, एरिन, फ्रिस्को" एका दमात म्हणतील.

वहिनींना नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग. चिनूच्या ॲडमिशनचं कळव. तुझ्या छताला गारांनी पडलेल्या भोकांचं इन्शुरन्सवाल्यांनी काय केलं?

माझं एक काम कर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस ईस्टवर जा, सकाळी आठला आणि दुपारी तीनला. प्रत्येक होलवर वारा कुठून आहे ते कार्डावर बाणाने लिही. ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंत पावलं मोज, नुसतं "जवळच आहे" लिहू नकोस. आणि कुठल्या ग्रीनवर भोकाला चार जागा दिसत नाहीत ते खूण करून पाठव. तुझी अक्षरं लागत नाहीत, तेव्हा फोटो नको, टाइप कर.

मिसळ इकडे आलास की. ताकाचे पैसे मात्र सतरा दिवसांच्या हिशोबाने तूच दे.

तुझा,
दिल्या