भाभांनीही घरी असंच पत्र लिहिलं होतं

केंब्रिज

ती. आई-बाबा,
सा. न.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण खोलीत हीटर असतो. कुकर रोज लागतो. आई, व्हिडिओ कॉलवर मी बारीक दिसते ती कॅमेऱ्यामुळे.

बाबा, तुम्ही म्हणाला होतात म्हणून गॉनव्हिल अँड कीज कॉलेज बघून आले. आपले अणुशास्त्रज्ञ होमी भाभा १९२७ साली इथेच आले. इथली एक गंमत म्हणजे हिरवळीवर विद्यार्थ्यांनी पाय ठेवायचा नाही. गवत खराब होईल म्हणून नव्हे हं, आई! फेलो, म्हणजे कॉलेजची प्राध्यापक मंडळी, खुशाल मधून जातात, तो त्यांचा मान. समोरचं दार दिसत असतं, तरी आपण पावसातसुद्धा कडेकडेने अख्खा चौकोन फिरायचा. माझ्यादेखत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ सँडविच खात आडवे निघून गेले. कुणाला काही वाटलं नाही!

भाभांचं ट्रॉम्बेचं अणुकेंद्र, अप्सरा अणुभट्टी हे तुम्हाला मी काय सांगणार? पण भाभांना घरच्यांनी पाठवलं होतं मेकॅनिकल इंजिनिअर व्हायला, परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात लागावं म्हणून. १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना कळवलं की धंदा किंवा इंजिनिअरची नोकरी माझ्या पिंडाला मानवणारी नाही, मला फिजिक्सच करायचंय. वडिलांनी अट घातली, आधी मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आण, मग गणितासाठी राहा. १९३० मध्ये त्यांनी तो आणला. पुढे इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या विद्युतभाराचा जोडीदार पॉझिट्रॉन यांच्या टकरीचं जे गणित त्यांनी मांडलं, त्याला अजून भाभा स्कॅटरिंगच म्हणतात. असे कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, म्हणजे कोलायडरमध्ये, टकरी किती प्रमाणात होतात ते मोजायला आजही ते लागतं.

तर बाबा, फर्स्ट क्लास मीही आणलाय. पुण्याच्या कंपनीला नाही म्हणून कळवलं. इथे पीएचडीला जागा मिळालीय, स्टायपेंडसकट. कर्जाचा हप्ता मीच भरीन, तुम्ही एफडी मोडू नका. भाभांच्या पाठीशी टाटा होते आणि माझ्या पाठीशी तुमची ती एफडी, हे मला कळतं हो.

आई, नाशिकच्या स्थळाला तूर्त नको म्हण. भाभांनी लग्नच केलं नाही, हे मी मुद्दाम सांगत नाहीये. मी करीन, पण आत्ता नाही.

दिवाळीला यायचं बहुतेक जमणार नाही. थोडे पैसे पाठवलेत, त्यातून बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. आणि बाबा, रागावला असाल तरी रविवारी फोन तुम्हीच घ्या.

तुमची,
मनू